वाटेचं पान

परळ, मुंबई
रविवार, ता. १६ एप्रिल १८९९

तीर्थस्वरूप सोनूताई हिचे सेवेशी,

जगन्नाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे कालिंदी आणि मी खुशाल आहोत. तुझी आणि भावोजींची खुशाली कळवत जावी.

पत्र हातात पडल्यावर तू आधी हसली असशील. शिवडीच्या कोळीवाड्यात बहीण, परळात भाऊ, सकाळी निघालं तर न्याहारीला परत घरी पोचावं एवढं अंतर, आणि हा शहाणा टपालवाल्याच्या हाती पत्र धाडतो. पण काय करू? गिरणीच्या कचेरीत हजेरीचं काम फार वाढलं आहे. रविवारीसुद्धा कधीकधी बोलावणं येतं. येईन येईन म्हणता राहून जातं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. बाबाच्या मचव्याच्या फळीवर कोळशाने काढून दाखवायचो, तेवढं. मी शाळेतून येईपर्यंत तू टोपली विकून परत आलेली असायचीस आणि हात न धुताच फळीपाशी येऊन बसायचीस. आई गेल्यावर तू टोपली डोक्यावर घेतली नसतीस तर मी शाळेची पायरी चढलो नसतो. ते मी विसरलेलो नाही.

आता बातमी सांगतो. पाडव्याला आम्ही लालबागची ती अंधारी खोली सोडली. साथीच्या साली आमची तान्ही ज्या कोपऱ्यात गेली, त्या कोपऱ्याकडे कालिंदी पाठ करून बसायची. तिथे आणखी एक पावसाळा काढणं शक्य नव्हतं. जयवंतशेटनी नवी चाळ बांधली आहे, तिच्यात तळमजल्याची खोली आपल्याला मिळाली. तू पाहशील तर थक्क होशील. भिंती चुन्याच्या, वर मंगळुरी कौलं, चाळीच्या टोकाला नळ. खोलीला दोन दारं आहेत. पुढचं थेट नव्या रस्त्यावर उघडतं. मागच्या दाराला लहानसं परस आहे आणि परसाच्या भिंतीला झाडूवाल्यासाठी लाकडी दिंडी, तिची कडी आतून. दोन्ही दारं समोरासमोर असल्यामुळे उघडली की खाडीवरचा वारा घरातून आरपार जातो. साथ आल्यापासून साहेबलोकांना असं आरपार वारं फार आवडायला लागलं आहे. चाळ पाहायला आलेल्या एका साहेबाने माझ्याच खोलीत उभं राहून दोनदा मान डोलावली.

वाऱ्याबरोबर कधी सुक्या मासळीचा वास येतो. शेजारच्या खोलीत आमच्या कचेरीतले हेडकारकून राहतात, त्यांच्या घरी तो चालत नाही. म्हणून मी मागचं दार लावून घेतो. कालिंदी उघडते, मी लावतो, असा दिवसभर खेळ चालतो. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. हे तुला पहिल्यांदा कळवतो आहे, तिच्या माहेरी अजून सांगितलेलं नाही.

इथली वस्ती तर बघताबघता वाढते आहे. लालबागेत काल मोकळं रान होतं तिथे आज पाया खणलेला दिसतो. गिरण्यांसाठी घाटावरून, कोकणातून माणसं येतच आहेत आणि ती कुठेतरी झोपलीच पाहिजेत. नवा रस्ता इतका रुंद केला आहे की समोरासमोरून दोन खटारे आले तरी तिसरा माणूस मधून जाईल. भायखळ्यापर्यंत घोड्यांची ट्राम आहे, ती कधीतरी इकडेही येईल म्हणतात.

चाळ नेमकी कुठे, ते विचारू नकोस. परळ आणि लालबाग यांच्या मधे, एवढं धरून चाल. तू आणि भावोजी एखाद्या रविवारी सावकाश या. मोठ्या रस्त्याने आलात म्हणजे चुकायचं कारण नाही. तुझं ते जांभळं लुगडं नेस. पाहुणचाराला यायचं आहे, तेव्हा उगाच बरोबर काही ओझं आणू नकोस.

कालिंदीचा तुम्हा दोघांना नमस्कार. उत्तर पाठव. चार ओळी असल्या तरी चालतील.

तुझा आज्ञाधारक,
जगन्नाथ

—

परळ
रविवार, ता. १८ जून १८९९

तीर्थस्वरूप सोनूताईस साष्टांग नमस्कार.

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. टपालवाला पत्रं हरवतो असं मी कालिंदीला सांगतो आणि ती ऐकून घेते.

परवा मोठ्या रस्त्यावर तू मला पाहिलंस. मीही पाहिलं, आता ते लपवण्यात अर्थ नाही. तू टोपली डोक्यावर घेऊन खटाऱ्यांच्या बाजूने चालली होतीस, पाठीमागे रखमामावशी लंगडत होती. माझ्याबरोबर हेडकारकून होते. मी वळून एका दुकानातल्या छत्र्या पाहू लागलो. यंदा पाऊस धड पडलेला नाही आणि माझ्याकडे चांगली छत्री आहे. तरी मी छत्र्या पाहत राहिलो. तू हाक मारली नाहीस. पूर्वी रस्त्याच्या त्या टोकाकडून "ए जगू" म्हणून ओरडायचीस.

तर आता लिहितोच. तुला कधीच कळलेलं असणार. आमची चाळ जयवंतशेटच्या आईच्या, आपल्या रमाकाकींच्या वाडीत आहे. दिंडीपाशी जो आंबा उभा आहे तो आपला शेंदऱ्या, फाटकाजवळचा. आणि माझी खोली वाटेवर आहे. वाटेच्या बाजूला म्हणत नाही, वाटेवरच.

रागावण्याआधी माझं ऐक. कोळीवाड्यात माझ्याबद्दल काय काय बोलतात ते कानावर येतं. मी कुणाची वाट विकली नाही. झालं ते असं. मागल्या हिवाळ्यात शेटनी चाळ बांधायला परवानगी मागितली, तेव्हा आपल्या पंचांनी हरकत घेतली, की वाडीतून लालबागला जाणारी वाट गावाची आहे, ती अडवता येणार नाही. तेव्हा चौकशीला साहेब आले. शेंदऱ्याखाली खुर्ची टाकून बसले, गुडघ्यावर नकाशा. मी तो नकाशा जवळून पाहिला. गिरण्या होत्या, रस्ते जाड रेघांनी काढले होते, एकेक रेघ दुसरीला जाऊन मिळाली होती. वाडीच्या जागी नुसती झाडं काढली होती. झाडांतून पाय फिरतात हे कागदाला कुठून ठाऊक असणार?

कोळीवाड्यात जन्मलेला आणि इंग्रजी बोलणारा मीच, म्हणून माझी साक्ष काढली. साहेबाने विचारलं, या कोळणी टोपल्या घेऊन वाडीतून कशा जातात? मी वाटेच्या पानाची गोष्ट सांगितली. नारळी पुनवेनंतर जाळ्यात पहिली कोळंबी आली की ती केळीच्या पानावर घालून रमाकाकींच्या ओट्यावर ठेवतात. रोज जाता-येता ओट्याकडे पाहून "काकी, जातांव गो" म्हणतात. रमाकाकी साथीत गेल्या तरी ओट्यावर पान ठेवायचं थांबलेलं नाही. मी मोठ्या ऐटीत सांगितलं गं, ताई. आमच्या लोकांना रीत कळते, दुसऱ्याच्या अंगणातून आम्ही मुकाट्याने जात नाही, हे मला त्या गोऱ्या माणसाला दाखवायचं होतं.

साहेब खूश झाला. म्हणाला, म्हणजे दरसाल काही देऊन, रोज विचारून जात होत्या. विचारून जायचं तर वाट मालकाची झाली, आणि मालकाने परवानगी काढून घेतली की संपलं. आपल्या आज्या-पणज्यांनी माणुसकी म्हणून जे केलं त्याचीच त्याने कडी करून फाटकाला लावली.

यात माझा काय दोष? जे होतं तेच मी सांगितलं. शहर वाढायचं म्हणजे जुन्या चार गोष्टी जायच्याच, आणि तुम्हाला मोठा रस्ता मिळालाच आहे. थोडा वळसा पडतो इतकंच.

साहेबाने आणखीही एक प्रश्न विचारला होता. तो लिहीत नाही, पत्र फार लांबेल.

कालिंदीची तब्येत बरी आहे. तिला कोळंबीचे डोहाळे लागले आहेत. बाजारातली आणतो, ती तिला ताजी लागत नाही.

जगन्नाथ

—

परळ
रविवार, ता. ३ सप्टेंबर १८९९

सोनूबाय,

मागल्या दोन पत्रांत तुला ताई म्हटलं. शाळेत शिकलेला शब्द. लहानपणी तुला ताई म्हटलं असतं तर तू माझ्या डोक्यावर टोपली उपडी केली असतीस.

गुरुवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो. घरात कोळंबीच्या आंबटाचा वास होता, आणि मागचं दार सताड उघडं. मी दार लावून जेवायला बसलो. सोनूबाय, मी हावऱ्यासारखा जेवलो. कित्येक महिन्यांत तशी कोळंबी तोंडाला लागली नव्हती. भात दोनदा मागून घेतला. पानात फक्त आमसुलं उरली तेव्हा मी कालिंदीला विचारलं, कुठून आणलीस?

ती म्हणाली, त्या दिंडीपर्यंत आल्या होत्या. त्या म्हणजे तू. मोठ्या रस्त्याने सगळा वळसा घालून चाळीत आलीस, तिला बाहेरून हाक न मारता परसाकडे फिरलीस, दिंडी वाजवलीस आणि तिने कडी काढल्यावर केळीच्या पानावर घातलेली कोळंबी मागच्या पायरीवर ठेवलीस. मी विचारलं, काही बोलली का?

"म्हनाल्या, जगूला कोलंबी आवडते. बस."

मी हात न धुता तसाच बसून राहिलो. कालिंदी ताट उचलायला वाकली. तिचं पोट आता मोठं दिसतं, वाकणं जड जातं. ताट उचलता उचलता माझ्याकडे न बघता ती बोलली. तिच्या माहेरी, वेसाव्यालाही ही रीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"खाल्लंत ना? आता वाट अडवाची नाय."

आपण सगळे ते पान मालकाला दिलेली भेट समजत होतो. साहेब तर भाडं समजला. मी ऐटीत रीत सांगितली, पण रीतीचा दुसरा अर्धा भाग मला स्वतःलाच ठाऊक नव्हता. पान विचारण्यासाठी नसतं. पान खाणाऱ्याला बांधण्यासाठी असतं. ज्याच्या पोटात गेलं त्याने मग फाटकात उभं राहायचं नाही. हे त्या दिवशी शेंदऱ्याखाली सांगितलं असतं तर? पण सांगायला आधी माहीत असायला हवं, आणि माहीत असायला बायांबरोबर चालायला हवं. मी चालायचं कधीच सोडलं होतं.

मग कालिंदीने दुसरी गोष्ट सांगितली. ती तिला रखमामावशीकडून रस्त्यात कळली होती, आणि नारळी पुनवेपासून तिने पोटात ठेवली होती. पंचांनी पुन्हा अर्ज केला, चौकशीचा साहेब पुन्हा आला, आणि यावेळी साक्षीला तुला उभं केलं. कोळीवाड्यातली झाडून सगळी माणसं आली होती. साहेबाने तुलाच तो प्रश्न विचारला, जो मी मागल्या पत्रात लिहिला नव्हता. मालकिणीने वाट कधी बंद केली होती का, आणि बंद केलेली असताना तुम्ही गेला होता का?

सगळ्या बायांना वाटलं, सोनू आता सांगेल. लग्नात हळद दळताना जी गोष्ट दरवेळी कुणीतरी काढतं, ती सोनूची स्वतःची गोष्ट, ती सांगणार नाही तर कोण सांगेल?

आणि तू म्हणालीस, "नाय सायेब. असा कंदी झाला नाय. माझा भाऊ शिकलेला हाय, तो खोटा कशाला बोलंल?"

रखमामावशी तेव्हापासून तुझ्याशी बोलत नाही. बाया पहाटे तुझ्यासाठी थांबत नाहीत, तू एकटी टोपली घेऊन जातेस. हे सगळं अंगावर घेऊन तू कोळंबीचं पान घेऊन आलीस, कारण जगूला आवडते.

सोनूबाय, आता मी तुला तुझीच गोष्ट सांगतो. मी ती विसरलो नव्हतो, हे तुला कळायला हवं.

त्या साली आंब्यांवरून रमाकाकींचा आणि आपल्या बायांचा तंटा झाला. शेंदऱ्याचे पाड कुणी तोडले म्हणून त्यांनी बायांना नाही नाही ते बोलून घेतलं, तोच राग धरून श्रावणात पुनवेचं पान परत पाठवलं आणि फाटक काथ्याच्या दोरीने बांधून टाकलं. पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन फाटकाशी उभ्या. भोंगा व्हायच्या आत लालबागच्या चाळींत पोचायचं असायचं, कारण भोंगा झाला की घेणाऱ्या बाया गिरणीत गेल्या आणि मासळी तुमच्या गळ्यात. तू तेव्हा लग्नाचीसुद्धा नव्हतीस. मी तुझा पदर धरून उभा होतो. तू टोपली खाली ठेवलीस आणि दोरीच्या गाठी सोडायला लागलीस. कुणीतरी कोयता पुढे केला, तू घेतला नाहीस. एकेक गाठ सोडलीस, तुझं नख मुळापासून तुटलं, रक्त आलं. मग दोरीची नीट वेटोळी करून रमाकाकींच्या ओट्यावर ठेवलीस, तिच्यावर परत आलेलं ते पान ठेवलंस. रमाकाकी ओट्यावरच बसल्या होत्या.

"काकी, पान घ्यायचा नाय तं नको घेव. पन वाट आमची हाय."

आणि सगळ्या बाया पुढे गेल्या. रमाकाकींनी कुणालाही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटक उघडं होतं आणि ओट्यावर आंब्याच्या लोणच्याची बरणी ठेवलेली होती. जाताना तू "काकी, जातांव गो" म्हणालीस आणि त्यांनी मान हलवली.

मी शेंदऱ्याखाली एवढं एक सांगितलं असतं तरी चाळ उभी राहिली नसती. मालकिणीने बंद केली आणि तरी गेले, मालकिणीने ऐकून घेतलं, म्हणजे वाट गावाची. साहेबाला हेच हवं होतं, म्हणून तर त्याने विचारलं. मी जयवंतशेटकडे पाहिलं. तू गाठी सोडल्यास त्या दिवशी तोही आईजवळ ओट्यावर होता, माझ्याच वयाचा, त्यानेही सगळं पाहिलं होतं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. आदल्या संध्याकाळी त्याने मला वाडीत बोलावून दोन दारांची खोली कुठे येईल ते चालून दाखवलं होतं. मी साहेबाला म्हणालो, "असं कधीच झालं नाही." शपथेवर.

कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. तान्ही गेली. कालिंदी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसते. गिरणगावात माणूस खोलीसाठी काय काय करतो. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यांतलं एकही ते कारण नाही.

ते कारण असं. लालबागला असताना तू रोज सकाळी माझ्या खोलीखालून जायचीस आणि "ए जगू" म्हणून हाक मारायचीस. कधी वर येऊन दारात टोपली टेकवायचीस. तू गेल्यावर मी पायरी धुऊन टाकायचो. शेजारी मला जगन्नाथराव म्हणायचे, त्यांना मी माझी बहीण शिवडीला असते एवढंच सांगितलं होतं, काय करते ते नाही. साहेबाने प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात आलं, वाट बंद झाली तर ही हाक येणार नाही. हे मनात आलं, सोनूबाय. क्षणभर आलं आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला इतकी लाज वाटते की कालिंदीलाही हे सांगितलेलं नाही. तुला लिहितो आहे, कारण तू तिथे सगळ्यांसमोर म्हणालीस की माझा भाऊ खोटं बोलणार नाही. तुला माहीत होतं, मी खोटं बोललो. गाठ सोडताना तुझा पदर माझ्याच हातात होता.

काल शनिवारी मी कचेरीत न जाता चौकशीच्या साहेबाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. फाटक, दोरी, ओटा, रमाकाकी. माझी साक्ष खोटी होती आणि माझ्या बहिणीने मला वाचवायला ती पुढे चालवली, हेही सांगितलं. शपथेवर खोटं बोलण्याला काय शिक्षा आहे ते ठाऊक आहे का, साहेब म्हणाला. मी हो म्हणालो. त्याने पुन्हा नकाशा काढला, बोट ठेवून झाडांमधून वाट कुठून जात होती ते मला दाखवायला लावलं आणि पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. पुढे काय होणार विचारलं तर म्हणाला, चाळ बांधून झाली आहे, माणसं राहायला आली आहेत, बघू. पेन्सिलीची रेघ खोडता येते, हे मलाही कळतं. मला शिक्षा होईल की नाही तेही बघूच.

जयवंतशेटना सायंकाळपर्यंत कळलं. खोली खाली करा म्हणून निरोप आला. कालिंदीचं बाळंतपण होईपर्यंत तरी राहू द्या असं मी विनवलं आहे, अजून उत्तर नाही. गिरणीत काय होईल ते सोमवारी कळेल. हेडकारकून सकाळपासून माझ्याकडे बघत नाहीत.

आता तुला जे सांगायला बसलो ते सांगतो. माझी खोली वाटेवर आहे हे मी तुला लिहिलं होतं. दोन दारं समोरासमोर आहेत. मागे परस, परसाला दिंडी, दिंडीपलीकडे मिठागराच्या बांधावरून थेट कोळीवाडा. आज सकाळी मी दिंडीची कडी काढून टाकली आहे. हे पत्र टपालात न टाकता आजच माणसाच्या हाती धाडतो आहे, कारण उद्यापासून पहाटे दोन्ही दारं उघडी असतील. तू ये, आणि सगळ्या बायांना घेऊन ये. माझ्या घरातून जा. मागच्या दाराने आत या आणि पुढच्या दाराने नव्या रस्त्यावर उतरा, म्हणजे भोंग्याच्या आत लालबाग गाठाल. टोपलीतलं पाणी फरशीवर सांडलं तर सांडू दे. वाटेत कालिंदीचं अंथरूण येत होतं, ते तिने आजच कोपऱ्यात ओढून घेतलं. मला न विचारता. शेजारी नाक मुरडतील. मुरडू देत. शेट खोली काढून घेईल तोवर वाट चालू राहील, आणि त्यानंतरचं मला माहीत नाही.

रखमामावशीला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस, पायरी धुण्याचीसुद्धा. सोनूने नव्हे, जगूने केलं, हे तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे. ती मला शिव्या देईल, त्या सगळ्या मला सांग.

उद्या येताना पान आणू नकोस. तुझं पान माझ्या पोटात आहे. पण दिंडीशी आलीस की आधी हाक मार. हळू नको मारूस. चाळीच्या त्या टोकाच्या नळापर्यंत ऐकू जाईल अशी मार, जशी लालबागेत मारायचीस. मी दारात उभा असेन आणि ओ देईन.

तुझ्या वाटेवर राहणारा,
जगू